वेलेस्लावीन: फारसं न लिहिता चेक साहित्याचं युग नावावर करणारा छापखानदार

चेक साहित्याच्या इतिहासात सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांना एक नाव दिलेलं आढळतं: वेलेस्लावीनचं युग. युगाला नाव मिळतं ते बहुधा राजाचं, नाहीतर मोठ्या कवीचं. दानियेल आदाम वेलेस्लावीन दोन्ही नव्हता. तो प्रागमधला छापखानदार होता. त्याने गाजलेलं काव्य लिहिलं नाही, नाटक लिहिलं नाही. त्याचं नाव ज्या पुस्तकांवर आहे त्यांतली बरीचशी भाषांतरं, संपादनं आणि कोश आहेत. तरीही त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी चेक भाषेचं व्याकरण नव्याने मांडायची वेळ आली, तेव्हा विद्वानांनी नमुना म्हणून त्याच्या काळातली छापील भाषा समोर ठेवली. त्या निवडीचे परिणाम चेक शाळांमधली मुलं आजही भोगत आहेत.

एक छापखानदार भाषेवर इतका परिणाम कसा करू शकतो, हे समजून घेण्याआधी त्याचं शहर थोडं ओळखीचं करून घेऊ.

वाचणाऱ्यांचं शहर

आज ज्याला आपण चेक प्रजासत्ताक म्हणतो त्याचा पश्चिमेकडचा मोठा भाग म्हणजे तेव्हाचं बोहेमियाचं राज्य. प्राग ही त्याची राजधानी. १४१५ साली प्राग विद्यापीठातल्या यान हुस या उपदेशकाला कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने पाखंडी ठरवून जिवंत जाळलं. त्यानंतर बोहेमियात बरीच वर्षं युद्धं झाली आणि शेवटी हुसच्या अनुयायांनी एक हक्क मिळवला: चर्चमधल्या प्रभुभोजनात सामान्य माणसालाही भाकरीबरोबर द्राक्षारसाचा पेला मिळू लागला. बाकीच्या कॅथलिक जगात तो पेला फक्त धर्मगुरूंचा होता. या लोकांना उत्राक्विस्ट म्हणत. बोहेमियात तेच बहुसंख्य होते आणि प्रागचं विद्यापीठही त्यांच्याच हातात होतं. त्यांच्या डावीकडे बंधुसंघ नावाचा आणखी कडक, लहानसा पंथ होता. उजवीकडे कॅथलिक होते आणि सिंहासनावर हाब्सबुर्ग घराण्याचे कॅथलिक राजे.

पेल्यावरून एवढं रक्त सांडावं याचं नवल वाटतं खरं. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं एवढंच की, या वादांमुळे साधा शहरी माणूस धर्मग्रंथ स्वतःच्या भाषेत वाचू पाहत होता. संपूर्ण चेक बायबल प्रागमध्ये १४८८ सालीच छापलं गेलं होतं. म्हणजे चेक पुस्तकाला गिऱ्हाईक होतं.

दुसरीकडे इटलीतून आलेली विद्येची नवी लाट होती. तिला मराठीत मानवतावाद म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याला भूतदया आठवते, पण इथे अर्थ वेगळा आहे. प्राचीन ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ मुळातून वाचायचे, त्यांची शुद्ध प्रत सिद्ध करायची, इतिहास, व्याकरण, वक्तृत्व आणि नीती यांचा अभ्यास करायचा आणि त्यातून चांगला नागरिक घडवायचा, असा तो कार्यक्रम होता. बहुतेक देशांत तो लॅटिनमध्येच चालला. बोहेमियातही लॅटिनमध्ये कविता करणारे पुष्कळ होते. पण इथे एक दुसरा गट उभा राहिला. १४९५ साली व्हिक्तोरिन कोर्नेल या कायदेपंडिताने संत ख्रिसोस्तोमच्या एका ग्रंथाचं चेक भाषांतर केलं आणि प्रस्तावनेत ठणकावून सांगितलं की, लॅटिन आपल्यालाही येतं, पण आपण चेक आहोत म्हणून चेकमध्ये लिहिणार. ग्रीक-रोमन विद्या चेक वाचकाच्या दारात आणून ठेवायची ही कल्पना तिथून चालत आली. वेलेस्लावीनने तिचा उद्योग केला.

सासऱ्याचा छापखाना

दानियेल आदाम ३१ ऑगस्ट १५४६ रोजी प्रागमध्ये जन्मला. वडील पिठाची गिरणी चालवत. त्यांचं मूळ गाव वेलेस्लावीन, तेव्हा शहराबाहेरचं खेडं. 'झ वेलेस्लावीना' म्हणजे वेलेस्लावीनकर, आणि इतिहासात गावाचंच नाव माणसाला चिकटलं. ते खेडं आता प्रागच्या पोटात गेलं आहे. विमानतळावरून शहरात येताना बरेच प्रवासी ज्या मेट्रो स्थानकाशी गाडी बदलतात, त्याचं नाव 'नाद्राझी वेलेस्लावीन' आहे. त्यांतल्या किती जणांना हा माणूस माहीत असतो, कोण जाणे.

पोरगा हुशार निघाला. प्राग विद्यापीठात शिकून तो १५६९ साली मास्टर झाला आणि तिथेच इतिहास शिकवू लागला. हे काम त्याने आयुष्यभर केलं असतं, पण विद्यापीठाचा एक नियम आडवा आला. मास्टरने अविवाहित राहिलं पाहिजे असा तो नियम होता. मास्टर लोक विद्यापीठाच्या वसतिगृहातच एकत्र राहत, जवळजवळ मठातल्यासारखे. १५७६ साली दानियेलने आन्ना मेलान्त्रिखशी लग्न केलं आणि प्राध्यापकी सोडली. चेक भाषेच्या दृष्टीने हे लग्न म्हणजे एक मोठी घटना आहे, कारण आन्नाचा बाप यिर्झी मेलान्त्रिख हा प्रागचा सर्वांत मोठा छापखानदार होता.

मेलान्त्रिखच्या भरभराटीमागे एक राजकीय अपघात होता. १५४७ साली बोहेमियातल्या सरदारांनी आणि शहरांनी राजा फर्डिनांड पहिला याच्याविरुद्ध उठाव केला. तो फसला आणि राजाने शहरांना शिक्षा केल्या. छापील शब्दावर त्याचा रोष होताच. त्याने बार्तोलोम्येय नेतोलित्स्की हा एक मुद्रक सोडून राज्यातल्या सगळ्यांना छपाई बंद करायला लावली. मेलान्त्रिख या नेतोलित्स्कीबरोबर काम करू लागला आणि १५५२ साली छापखाना त्याच्याकडे आला. बंदी पुढे सैल झाली, पण तोवर हे घर इतरांच्या फार पुढे निघून गेलं होतं. त्यांचं चेक बायबल १५४९ साली निघालं आणि पुढे १५७७ पर्यंत त्याच्या एकंदर पाच आवृत्त्या झाल्या. मेलान्त्रिख श्रीमंत झाला, त्याला सरदारकी मिळाली. त्याचं नाव विसाव्या शतकातल्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने घेतलं. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये, कम्युनिस्ट राजवट कोसळत असताना, नाटककार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला वाक्लाव हावेल ज्या सज्जातून प्रागच्या गर्दीशी बोलला, तो याच संस्थेच्या मेलान्त्रिख इमारतीचा.

मेलान्त्रिख १५८० साली वारला. छापखाना मुलगा आणि जावई यांच्याकडे आला. मुलगाही १५८६ मध्ये गेला. त्याआधीच सगळा कारभार प्रत्यक्षात जावयाच्या हातात एकवटला होता. म्हणजे इतिहासाचा एक प्राध्यापक, वयाची चाळिशी गाठण्याच्या आत, राज्यातल्या सर्वांत मोठ्या छापखान्याचा मालक होऊन बसला होता.

छापखानदार म्हणजे नेमकं कोण

आज आपण लेखक, अनुवादक, संपादक, मुद्रितशोधक, मुद्रक, प्रकाशक आणि विक्रेता असे सात वेगळे लोक समजतो. तेव्हा ही बरीचशी कामं एकाच माणसाच्या अंगावर पडत. कोणतं पुस्तक काढायचं हे तोच ठरवी. भाषांतरासाठी माणूस शोधी. आलेली हस्तलिखित प्रत सुधारून घेई. खिळे जुळवणाऱ्यांसमोर ती गेली की पुन्हा प्रुफं तपासी. कागद आधी रोखीने घ्यावा लागे आणि पैसे परत यायला वर्षं लागत, म्हणून एखादा सरदार किंवा नगरपालिका गाठून तिला पुस्तक अर्पण करी. अर्पणपत्रिका हा तेव्हा पुस्तकाच्या अर्थकारणाचा भाग होता.

यातलं भाषेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं काम म्हणजे प्रत सुधारणं. सोळाव्या शतकात चेक शब्द कसा लिहायचा याबद्दल एकमत नव्हतं. एकाच शब्दाची तीन रूपं एका पानावर सापडत. अक्षरांवर टिंबं आणि चिन्हं देऊन चेक ध्वनी दाखवायची पद्धत हुसच्या काळापासून होती, पण ती पाळायची किती, हे ज्याचं तो ठरवी. चिन्ह असलेल्या प्रत्येक अक्षराचा वेगळा खिळा ओतून घ्यावा लागे, त्यामुळे शुद्धलेखन हा पैशाचाही प्रश्न होता. वेलेस्लावीनच्या छापखान्यात मजकूर कोणाचाही असो, तो एका साच्यातून बाहेर पडे. वर्षानुवर्षं शेकडो वाचकांच्या डोळ्यांखालून तीच रूपं गेली की तीच 'बरोबर' वाटू लागतात. कोणत्याही सरकारी समितीशिवाय प्रमाणभाषा अशी तयार होते.

अर्थात हे एकट्याचं काम नव्हतं. त्याच्याभोवती विद्यापीठातल्या जुन्या सहकाऱ्यांचं आणि शहरातल्या शिकलेल्या लोकांचं एक मंडळ होतं. यान कोत्सीन हा कायदा शिकलेला अनुवादक होता. आदाम हुबर हा वैद्य होता. वात्स्लाव प्लात्सेल याने ज्यूंच्या इतिहासावर एक मोठा ग्रंथ चेकमध्ये आणला, तो १५९२ साली इथूनच छापला गेला. ही माणसं भाषांतरं करत, वेलेस्लावीन ती तपासी आणि बहुतेक वेळा लांबलचक प्रस्तावना जोडी. त्याचं स्वतःचं लेखन शोधायचं तर ते या प्रस्तावनांमध्ये शोधावं लागतं. इतिहास का वाचावा, चांगला राज्यकर्ता कसा असावा, आपल्या भाषेत ज्ञान का असावं, यावर तो तिथे मनापासून बोलतो.

त्याने काय छापलं

सगळी यादी देण्यात अर्थ नाही. काही पुस्तकं मात्र पाहण्यासारखी आहेत, कारण गिऱ्हाईक आणि विद्या या दोन्हींवर एकाच वेळी नजर ठेवणारा माणूस त्यांतून दिसतो.

पहिलं 'ऐतिहासिक दिनदर्शिका'. हे त्याने स्वतः रचलं. १५७८ साली पहिली आवृत्ती आली आणि १५९० साली पुष्कळ वाढवलेली दुसरी. वर्षाच्या प्रत्येक दिवसाखाली त्या तारखेला इतिहासात काय काय घडलं ते दिलेलं आहे: राजांचे जन्म-मृत्यू, लढाया, आगी, पूर, विद्यापीठातल्या घडामोडी. आपल्या वर्तमानपत्रांतल्या 'दिनविशेष' सदराचं चारशे वर्षांपूर्वीचं जाडजूड रूप म्हणा ना. गंमत अशी की, लोकांनी हे पुस्तक नुसतं वाचलं नाही. ज्या त्या तारखेच्या बाजूला त्यांनी आपल्या घरातल्या नोंदी लिहिल्या. आज मुलगा झाला, आज वडील गेले, आज गारा पडल्या. अशा हस्ताक्षरांनी भरलेल्या प्रती ग्रंथालयांत जपलेल्या आहेत आणि इतिहासकारांना मूळ मजकुरापेक्षा त्या नोंदींचंच अप्रूप जास्त असतं. राज्याच्या इतिहासाशेजारी स्वतःच्या घराचा इतिहास लिहावासा वाटणं, हे या माणसाने वाचकांना दिलेलं एक देणं आहे असं मला वाटतं.

दुसरं १५८५ मधलं 'बोहेमियाच्या स्थापनेविषयी दोन इतिवृत्तं'. त्यातलं एक एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी याचं. हा इटालियन मानवतावादी पुढे पोप पायस दुसरा झाला आणि हुसच्या अनुयायांबद्दल त्याचं मत अजिबात चांगलं नव्हतं. दुसरं मार्टिन कुथेन या चेक माणसाचं, हुसपंथीयांकडे आपुलकीने पाहणारं. दोन्ही एकाच बांधणीत! धर्मावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठत होती अशा काळात शत्रुपक्षाचं पुस्तकही वाचकाच्या हाती द्यायचं, हे इतिहासाच्या प्राध्यापकालाच सुचावं. त्यात व्यवहारही होता. राजा कॅथलिक, वाचक उत्राक्विस्ट, आणि पुस्तक दोघांनाही विकायचं. वेलेस्लावीन वरवर उत्राक्विस्ट होता, पण बंधुसंघाकडे त्याचा ओढा होता असं अभ्यासक मानतात. अशा माणसाला सांभाळून राहणं भागच होतं.

बाजाराची नाडी त्याला किती कळत होती ते 'तुर्की लोकांच्या नव्या इतिवृत्ता'वरून दिसतं. १५९३ साली हाब्सबुर्ग आणि ऑटोमन यांच्यात हंगेरीच्या भूमीवर मोठं युद्ध पेटलं, ते पुढे १६०६ पर्यंत चाललं. तुर्क कोण, कुठून आले, त्यांचं राज्य कसं चालतं, हे प्रत्येकाला जाणून घ्यायचं होतं. १५९४ मध्ये वेलेस्लावीनने लॉयनक्लाऊ या जर्मन विद्वानाचा ग्रंथ चेकमध्ये काढला. भाषांतरात कोत्सीनबरोबर तो स्वतःही होता.

आणि वनस्पतिकोश. पिएत्रो आंद्रेया मात्तिओली हा इटालियन वैद्य प्रागच्या दरबारात होता. त्याच्या वनस्पतिग्रंथाचं चेक भाषांतर ताडेआश हायेक या वैद्य-ज्योतिर्विदाने केलं आणि ते सासऱ्याने १५६२ साली छापलं. मोठ्या पानांवर लाकडी ठशांची देखणी चित्रं, अफाट खर्च. १५९६ साली जावयाने नवी, वाढवलेली आवृत्ती काढली. हुबर आणि वेलेस्लावीन यांनी मिळून ती सिद्ध केली, तीही नुरेंबर्गच्या कामेरारियुसने सुधारलेल्या जर्मन पाठावरून. शेतकऱ्याला, सुईणीला आणि वैद्याला एकाच झाडाबद्दल बोलायचं तर त्याचं एक ठरलेलं चेक नाव हवं. ते काम या दोन आवृत्त्यांनी केलं. पुढे कित्येक पिढ्या घराघरांत हा ग्रंथ औषधाचं पुस्तक म्हणून वापरला गेला.

कोश

माझ्या मते त्याचं सर्वांत टिकाऊ काम कोशांचं आहे. तेव्हाच्या शाळा लॅटिनच्या होत्या. मुलाला लॅटिन शब्द आणि त्याचा चेक अर्थ हवा असे, आणि प्रागसारख्या शहरात जर्मनही लागे. म्हणजे कोशाला हमखास गिऱ्हाईक होतं. वेलेस्लावीनने असे अनेक कोश काढले. त्यांतले दोन मोठे १५९८ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाले. दोन्ही चेक, लॅटिन, ग्रीक आणि जर्मन अशा चार भाषांचे.

'नोमेन्क्लातोर' हा विषयवार कोश आहे. देव, आकाश, माणसाचं शरीर, पशुपक्षी, अन्न, कपडे, घर, धंदे, हत्यारं असे गट करून प्रत्येक वस्तूचं नाव चारही भाषांत दिलेलं. अशा कोशात शिरलं की सोळाव्या शतकातलं स्वयंपाकघर आणि कारागिराची खोली आपोआप समोर उभी राहते. रचना त्याची स्वतःची नव्हती. हाड्रिआनुस युनियुस या डच विद्वानाच्या कोशाचा आधार होता. पण चेक शब्द गोळा करून बसवायचे होते आणि काही ठिकाणी चेकमध्ये शब्दच नव्हते.

'सिल्व्हा क्वाद्रिलिंग्विस', म्हणजे चार भाषांचं वन, हा वर्णानुक्रमे लावलेला कोश आहे. त्याचं वेगळेपण सुरुवातीच्या भाषेत आहे. बहुतेक कोश लॅटिनपासून निघत, आणि चेक तिथे नुसती अर्थ सांगायला हजर असे. सिल्व्हामध्ये चेक शब्द आधी येतो, आणि त्याच्यासोबत वाक्प्रचार आणि म्हणीही येतात. लॅटिन, ग्रीक, जर्मन त्याच्यामागून. पान पाहिलं तरी कळतं: चेक जाड गॉथिक वळणाच्या खिळ्यांत, लॅटिन गोल रोमन खिळ्यांत, ग्रीक त्याच्या स्वतःच्या. एका पानावर इतक्या जातीचे खिळे जुळवायचे म्हणजे जुळाऱ्याची कसोटीच.

भाषा कशी होती

वेलेस्लावीनची वाक्यं लांब असतात. मुख्य विधानात पोटवाक्यं गुंफलेली असतात, आणि क्रियापद पुष्कळदा अगदी शेवटी येतं. चेकमध्ये शब्दक्रम मोकळा आहे, त्यामुळे असं करता येतं. पण ही सवय लॅटिनवरून आलेली. आजच्या चेक वाचकाला ती वाक्यं जड वाटतात. मराठी वाचकाला मात्र क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबायची जन्मापासून सवय आहे, त्याला यात काही विशेष वाटणार नाही.

दुसरी खूण म्हणजे जोडशब्द. लॅटिनमधल्या एका शब्दासाठी तो दोन चेक समानार्थी शब्द शेजारी ठेवतो. एकाने अर्थ पुरा झाला नाही तर दुसऱ्याने व्हावा. यामुळे मजकूर फुगतो हे खरं. पण यातूनच भाषेत बारीक छटांचे शब्द रुळले. कायदा, राज्यकारभार, वैद्यक, नीती यांवर चेकमध्ये सलग आणि गंभीर बोलता येतं हे त्या पानांनी दाखवून दिलं.

याच वर्षांत बोहेमियाच्या पूर्वेकडच्या मोराव्हिया प्रांतातल्या क्रालित्से गावी बंधुसंघाचा एक गुप्त छापखाना चालू होता. तिथे १५७९ ते १५९४ या काळात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबल सहा खंडांत छापलं गेलं. भाषेचं सौंदर्य मोजायचं तर क्रालित्से बायबल वेलेस्लावीनच्या कोणत्याही पुस्तकाच्या वर ठरेल. युगाला एकट्या वेलेस्लावीनचं नाव देणं त्या निनावी भाषांतरकारांवर थोडा अन्यायच आहे. पण बायबल हे एक पुस्तक आहे. इतिहास, वैद्यक, राज्यशास्त्र, कोश अशी सगळी शेल्फं भरली ती प्रागच्या छापखान्याने.

मोडतोड

वेलेस्लावीन १८ ऑक्टोबर १५९९ रोजी वारला. छापखाना आन्ना आणि इतर वारसांच्या नावाने चालू राहिला, पुढे मुलगा सामुएलने तो हाती घेतला. मग १६१८ साली प्रोटेस्टंट, म्हणजे कॅथलिक चर्चपासून फुटलेल्या पंथांच्या, सरदारांनी हाब्सबुर्ग सम्राटाच्या अधिकाऱ्यांना प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं आणि बंड सुरू झालं. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर बंडखोरांचा काही तासांत पराभव झाला. पुढच्या जूनमध्ये शहरातल्या जुन्या चौकात २७ जणांना ठार मारलं गेलं, त्यांत विद्यापीठाचा रेक्टर येसेनियुसही होता. सामुएल बंडात सामील होता. तो देश सोडून गेला आणि छापखाना जप्त होऊन प्रागच्या जेझुइटांकडे, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाकडे, गेला.

जेझुइटांबद्दल एक गोष्ट जाता जाता. हे लोक प्रागला पहिल्यांदा आले ते १५५६ साली. त्याच वर्षी त्याच संघाचा छापखाना जहाजातून गोव्यात उतरला, हिंदुस्थानातला पहिला. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं ते याच संघाच्या कामातून. तिकडे मराठी छापणारे आणि इकडे जप्त केलेल्या खिळ्यांनी कॅथलिक पुस्तकं छापणारे एकाच झेंड्याखालचे होते.

१६२७ च्या नव्या राज्यघटनेने बोहेमियात फक्त कॅथलिक धर्म राहिला आणि जर्मनला चेकच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. शिकलेला प्रोटेस्टंट वर्ग देशाबाहेर गेला. पाखंडी ठरलेली चेक पुस्तकं शोधून जाळली जाऊ लागली. अठराव्या शतकात कोनियाश नावाच्या जेझुइटाने तर अशा पुस्तकांची ओळख पटवणारी मार्गदर्शिकाच काढली. यावरून पुढे 'अंधारयुग' अशी एक समजूत पसरली. ती आता अभ्यासक तशीच्या तशी मानत नाहीत, कारण त्या काळातही चेकमध्ये चांगल्या कविता आणि भजनं लिहिली गेली. जेझुइट इतिहासकार बाल्बीन याने चेक भाषेची बाजू घेऊन लिहिलंच, आणि वेलेस्लावीनचं तोंड भरून कौतुकही केलं. पण विज्ञान, कायदा, प्रशासन या क्षेत्रांतून चेक हळूहळू मागे सरली हे मात्र नाकारता येत नाही.

हद्दपार झालेल्यांत यान आमोस कोमेनियस होता, शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत भेटणारा तोच. त्याने चेक भाषेच्या एका मोठ्या कोशावर कित्येक दशकं काम केलं होतं. पोलंडमधल्या लेश्नो गावी १६५६ साली लागलेल्या आगीत त्याचं हस्तलिखित जळून गेलं. वेलेस्लावीनचे कोश मात्र छापलेले होते. शंभर प्रती जाळल्या तरी कुठेतरी एखादी शिल्लक राहायचीच.

दोनशे वर्षांनी परत

अठराव्या शतकाच्या शेवटी योसेफ दोब्रोव्स्की या विद्वानाने चेक भाषेचा अभ्यास शास्त्रीय पद्धतीने सुरू केला. १८०९ सालचं त्याचं मोठं व्याकरण जर्मन भाषेत लिहिलेलं आहे, आणि चेकमध्ये पुन्हा उच्च दर्जाचं साहित्य होईल याची त्याला स्वतःला खात्री नव्हती. पण व्याकरण लिहायचं तर नियम कुठून घ्यायचे? खेड्यातल्या बोलीतून घ्यावेत, तर ती दर कोसाला बदलते. मधल्या काळातल्या छापील पुस्तकांना तो मान देत नव्हता. म्हणून त्याने वेलेस्लावीन आणि क्रालित्से बायबल यांच्या काळाला सुवर्णयुग ठरवलं आणि त्या काळातली रूपं प्रमाण मानली. त्याच्यानंतर योसेफ युंगमानने १८३४ ते १८३९ या काळात पाच खंडांचा चेक-जर्मन कोश काढला. त्यात वेलेस्लावीनच्या कोशांमधले आणि पुस्तकांमधले शब्द पुन्हा वापरात आणले गेले. चेकमध्ये आधुनिक काव्य, विज्ञान, वृत्तपत्रं सुरू झाली ती या पायावर.

आता परिणाम. बोली भाषा सोळाव्या शतकात थांबली नव्हती. 'चांगला' या अर्थाचा शब्द पुस्तकात 'दोब्री' राहिला, बोहेमियातल्या तोंडी तो 'दोब्रेय' झाला. खिडकीला पुस्तकात 'ओक्नो', बोलण्यात 'वोक्नो'. हे बदल वेलेस्लावीनच्या हयातीतही बोलण्यात होतेच. छापखान्याने जुनी रूपं राखली आणि दोब्रोव्स्कीने त्यांवर शिक्का मारला. त्यामुळे आज बोहेमियातला माणूस घरात एक भाषा बोलतो आणि शाळेत, बातम्यांत, अर्जात दुसरी लिहितो. चेक शिकणारा परदेशी माणूस वर्गात सगळं समजून घेतो आणि बिअरच्या गुत्त्यात गेला की गोंधळतो, तो याच फरकामुळे.

हा ताण शेवटी उघड वादात आला. १९३० च्या सुमारास काही शुद्धतावादी जुन्या चांगल्या चेकचा आग्रह धरून लेखकांच्या चुका काढत होते. १९३२ मध्ये प्रागच्या भाषाशास्त्र मंडळाने जाहीर व्याख्यानांतून त्यांना उत्तर दिलं: प्रमाणभाषा ठरवायची तर गेल्या पन्नास वर्षांतल्या चांगल्या लेखकांनी प्रत्यक्षात काय वापरलं ते बघा, तीनशे वर्षांपूर्वीचा आदर्श उगाळू नका. या भूमिकेचं वजन पुढे वाढत गेलं, आणि नंतरच्या शुद्धलेखनाच्या पुस्तकांनी बऱ्याच नव्या रूपांना परवानगी दिली. 'दोब्रेय' आणि 'वोक्नो' यांना मात्र अजून ती मिळालेली नाही. कादंबरीकार निवेदनात 'ओक्नो' लिहितो आणि पात्राने तोंड उघडलं की 'वोक्नो'. त्याचा संपादकही ते तसंच राहू देतो.